ग्रीष्मातील परसू : आधी पाहावे, मग आवरावे



शिगम्याचे ढोल-ताशे शांत झाले, की गोमंतकात उन्हाळ्याला खऱ्या अर्थाने प्रारंभ होतो. दुपारी अंगणातील माती पायांना चटके देऊ लागते आणि विहिरीचा दोर वावभर अधिक सोडावा लागतो. मे महिना उजाडला म्हणजे घरोघरी एकच लगबग सुरू होते. छप्पर शाकारावयाचे, लाकूडफाटा आत घ्यावयाचा, आमसुले आणि फणसाची साटे वाळवावयाची, पुरुमेंताची बेगमी करावयाची. आणि याच ओघात घरामागचे परसूही आवरले जाते. पाचोळा गोळा करून त्याला काडी लावतात. घराकडे झुकलेल्या फांद्या छाटतात. हुमल्यांची घरटी जाळतात, वारूळ खणून सपाट करतात आणि फळ न धरणारे झाड निरुपयोगी ठरवून तोडून टाकतात. दोन दिवसांत परसू लख्ख दिसू लागते आणि घरातील माणसे समाधानाने पावसाची वाट पाहू लागतात.

या आवराआवरीमागचा हेतू चांगलाच असतो. परंतु तिच्यापायी जे गमावले जाते, त्याचा हिशोब सहसा कोणी मांडत नाही. उन्हाळ्यातील परसू वरवर निपचित पडल्यासारखे दिसते. पण पावसाळ्याच्या स्वागताची बरीचशी तयारी तेथे याच तीन महिन्यांत चाललेली असते. ती तयारी कोण करतो, कोठे करतो आणि कोणत्या दिवसांत करतो, हे ज्याने एकदा लक्षपूर्वक पाहिले, त्याचा हात काडी ओढण्यापूर्वी क्षणभर थांबल्यावाचून राहणार नाही. परसू आवरूच नये, असे कोणी म्हणणार नाही. आधी पाहावे आणि मग आवरावे, एवढेच सांगावयाचे आहे.

परसाची परंपरा

गोव्यातील परसू म्हणजे निव्वळ भाजीचा वाफा नव्हे. सत्तरी, फोंडा, सांगे, काणकोण या तालुक्यांत डोंगराच्या पायथ्याशी पाटाच्या पाण्यावर पोसलेली कुळागरे आहेत. तेथे माड आणि पोफळी आकाशात, त्यांच्या खोडांवर मिरीचे वेल, मध्ये केळी आणि जायफळ, तर खाली अननस, हळद आणि अळू, अशी एकावर एक मजल्यांची वसती असते. किनाऱ्याकडील घरांच्या मागे एवढी जागा नसते. तरीही चार माड, एक आंबा, एक फणस, भिरंडीचे झाड, कढीपत्ता, शेवगा, मोगरा आणि अबोली एवढा परिवार बहुतेक ठिकाणी आढळतो.

हा परिवार एकाच कुळातला नाही. काजू ब्राझीलमधून सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आला. अननस, पपई, पेरू आणि मिरची हीदेखील मूळची अमेरिका खंडातील. आज त्यांना परके म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. येथील पाखरांनी, मुंग्यांनी आणि वटवाघळांनीही त्यांना केव्हाच आपले म्हटले आहे.

परसातील झाडाझुडपांकडे जिज्ञासेने पाहण्याची परंपराही या भूमीत जुनी आहे. गार्सिया द ओर्ता या वैद्याने भारतीय वनस्पती आणि औषधी द्रव्ये यांविषयीचा आपला संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापून घेतला. पुढे सतराव्या शतकात मलबारातील वनस्पतींची सचित्र माहिती देणारा ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅम येथे प्रसिद्ध झाला. त्याच्या सिद्धतेत इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोकणी वैद्यांनी साहाय्य केले होते. त्यांनी १६७५ साली नागरी लिपीत आणि कोकणी भाषेत लिहून दिलेले प्रमाणपत्र त्या ग्रंथात छापलेले आहे. कोणत्या झाडाला केव्हा फूल येते, केव्हा फळ धरते, हे ज्ञान त्यांनी झाडाखाली उभे राहूनच मिळविले असले पाहिजे. तसे उभे राहण्याची सवड आज कमी झाली आहे, एवढाच काय तो फरक.

झाडांचे उन्हाळी पंचांग

उन्हाळ्यातील परसू पाहावयाचे तर प्रथम झाडांकडे पाहावे. मार्चमध्ये एकीकडे पानगळ चालू असते आणि दुसरीकडे पालवी फुटत असते. पाऊस नाही, जमीन तापलेली, आणि अशा वेळी आंब्याला, जांभळाला तांबूस कोवळी पाने यावीत, याचे अनेकांना आश्चर्य वाटते. या झाडांची मुळे खोलवर गेलेली असतात आणि जांभ्या दगडाखालचा ओलावा ती शोधून काढतात. शिवाय पाऊस पडू लागेपर्यंत पाने निबर होऊन कामाला लागलेली असतात, हाही त्यात मोठा लाभ. कोवळ्या पानांची तांबूस छटा प्रखर उन्हापासून त्यांचे संरक्षण करते, असेही वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात.

याच सुमारास सुरंगीचे वळेसर बाजारात येतात आणि काजूची बोंडे पिवळी-तांबडी होऊन गळू लागतात. एप्रिलमध्ये बहावा सोन्यासारखा फुलतो. बहावा फुलल्यानंतर सुमारे दीड महिन्याने पाऊस येतो, असा समज खेडोपाडी आहे. तो कितपत खरा, हे कोणीही आपल्या दारातील बहाव्याची तारीख दरवर्षी टिपून स्वतः पडताळून पाहू शकतो. एप्रिल-मे म्हणजे भिरंडीचाही हंगाम. भिरंडीची फळे पावसापूर्वी उतरली आणि वाळली, तरच घरात वर्षाची आमसुले होतात. अवकाळी सरींनी गाठले, तर फळ झाडावरच कुजते. मेमध्ये मानकुराद आंबा, कापा आणि रसाळ फणस, जांभूळ आणि करवंद यांची एकच गर्दी उडते.

येथे भिरंडीविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. भिरंडीची आणि जायफळाची नर झाडे निराळी आणि मादी झाडे निराळी असतात. नर झाडाला फुले येतात, पण फळ धरत नाही. काही वर्षे वाट पाहून मालक कंटाळतो आणि ‘वांझ’ म्हणून ते झाड तोडतो. जायफळाच्या बागेत दहा मादी झाडांमागे एक तरी नर झाड राखावे, असे जाणकार बागायतदार सांगतात, ते परागाकरिता. म्हणून फळ न देणाऱ्या झाडावर कुऱ्हाड चालविण्यापूर्वी फुलाच्या हंगामात त्याचे फूल निरखून पाहावे. शंका असल्यास विभागीय कृषी कार्यालयातील कर्मचाऱ्यास दाखवावे. शेजारच्या परसातील पीकही त्या एका झाडाच्या परागावर अवलंबून असण्याचा संभव असतो. शिवाय वृक्षतोडीस १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याची बंधने लागू आहेत, याचेही स्मरण ठेवावे.

पाखरांचा विणीचा हंगाम

पक्षी पाहण्यास दुर्बिणीची आवश्यकता नाही. पहाटे साडेपाचच्या सुमारास मागील दारी शांत बसले, तरी पुरे. प्रथम ऐकू येतो दयाळाचा गोड आवाज. काळा-पांढरा, शेपूट उंचावणारा हा पक्षी उन्हाळ्यात उंच फांदीवर बसून एकसारखा गातो. हे गाणे म्हणजे आपल्या हद्दीची दवंडी असते; जवळपास एखाद्या ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत त्याचा संसार असतो. ऊन चढल्यावर इतर पक्षी गप्प होतात, तेव्हा तांबटाचा ‘टुक् टुक्’ हा ठेका सुरू होतो. तांबट वाळलेल्या फांदीत चोचीने भोक पाडून घर करतो. ती वाळकी फांदी आपल्या दृष्टीने जळाऊ लाकूड. त्याच्या दृष्टीने मात्र तोच वाडा असतो.

शिंपी पक्षी तर अंगणातील रुंद पानांच्या झुडपावरच घरटे करतो. दोन पाने जवळ ओढून, कडांना चोचीने छिद्रे पाडून, वनस्पतींचे तंतू आणि कोळ्याचे धागे यांनी तो ती शिवतो. शिंजीर कोळिष्टके, साल आणि पालापाचोळ्याचे तुकडे यांची लोंबती पिशवी तयार करतो. ती लोंबत्या कचऱ्यासारखीच दिसते आणि म्हणूनच केरसुणीच्या एका फटकाऱ्याने ती जमीनदोस्त होते. माडाच्या किंवा आंब्याच्या शेंड्याजवळ कावळ्याचे काटक्यांचे घरटे असते आणि त्यात अंडे घालण्यासाठी कोकिळा टपून बसलेली असते. काळा कुळकुळीत नर ओरडत असतो आणि ठिपक्याठिपक्यांची मादी मुकाट्याने संधी साधते. मग कावळीण परक्याचे पिल्लू आपले म्हणून वाढविते. हे नाट्य एप्रिल ते जून या महिन्यांत कोणाच्याही परसात पाहावयास मिळते.

सह्याद्रीलगतच्या गावांत याहून दुर्मीळ दृश्य दिसते. मलबार राखी धनेशाची मादी मोठ्या झाडाच्या ढोलीत शिरून तिचे तोंड आतून बंद करून घेते. चोच बाहेर येईल एवढीच फट ठेवलेली असते. सुमारे तीन महिने नर त्या फटीतून तिला आणि पुढे पिल्लांना फळे आणून भरवितो. या काळात नर मारला गेला, तर आतील सर्व कुटुंब संकटात येते. झाड तोडले गेले, तर काय होते, हे सांगावयास नको. धनेशाला घर लागते ते जुन्या, ढोली पडलेल्या झाडात. तरुण, सरळसोट झाडांच्या बागेत त्याला जागा मिळत नाही. जंगली जायफळ, उंबर, वड यांची फळे खाऊन त्यांच्या बिया दूरवर टाकण्याचे काम हा पक्षी बिनवेतन करीत असतो.

यावरून छाटणीविषयीचा नियम सहज ध्यानात येतो. घरावर वा वीजतारांवर येणारी फांदी छाटणे आवश्यकच असते. परंतु ते काम शक्यतो थंडीच्या दिवसांत उरकावे. मेमध्येच करावे लागले, तर आदल्या दिवशी सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास त्या झाडाकडे पाहावे. चोचीत किडा वा काडी घेऊन एखादे पाखरू वारंवार एकाच जागी जात असेल, तर तेथे घरटे आहे असे समजावे आणि तेवढी फांदी पिल्ले उडेपर्यंत राखावी. बहुतेक लहान पाखरांची पिल्ले अंड्यातून बाहेर आल्यावर दोन-तीन आठवड्यांत उडून जातात. तेवढा धीर धरणे अवघड नाही.

मुंग्या, मधमाश्या आणि रात्रीचे पाहुणे

हुमल्यांचे नाव काढताच अंगाला खाज सुटते. झाडावर चढणाऱ्याला हे तांबडे सैन्य सळो की पळो करून सोडते, यात शंका नाही. पण त्यांचे घर कसे तयार होते, ते एकदा पाहावे. शेकडो मुंग्या पानाच्या कडा धरून एकमेकींच्या साहाय्याने ओढतात आणि दुसऱ्या मुंग्या आपल्या अळ्या तोंडात धरून, त्यांच्या अंगातून निघणाऱ्या रेशमाने पाने सांधतात. काजूच्या कोवळ्या पालवीचा आणि मोहोराचा रस शोषून नुकसान करणारा ढेकण्या नावाचा कीटक आहे. त्याला आवर घालण्यात या हुमल्यांचा मोठा हात असतो, असे संशोधनात दिसून आले आहे. चीनमध्ये तर संत्र्या-मोसंब्यांच्या बागांचे रक्षण करण्यासाठी अशा मुंग्यांची घरटी मुद्दाम टांगण्याची पद्धत अनेक शतके चालत आली. वाटेवरच्या एका फांदीवरील घरटे दूर करावे लागले, तरी सगळ्या झाडांवरील घरट्यांना आग लावणे म्हणजे राखणदारालाच घालवून देणे होय.

मधमाश्यांना उन्हाळ्याचा शेवट जरा कठीण जातो. मोहोर संपलेला, रानातील फुले ओसरलेली. अशा वेळी माडाची पोय त्यांच्या मदतीला येते, कारण माड वर्षभर फुलत असतो. पोय उमलली म्हणजे सकाळी तिच्याभोवती सातेरी माश्यांची गुणगुण ऐकू येते. माडाच्या फळधारणेस या माश्यांचे साहाय्य होते. ज्या दिवशी पोयींवर माश्यांची वर्दळ असेल, त्या दिवशी कीटकनाशकाची फवारणी करू नये. अपरिहार्य असेल, तर कृषी अधिकाऱ्यांचा सल्ला घेऊन ती संध्याकाळी करावी.

रात्री परसाचा ताबा निराळ्या मंडळींकडे जातो. केळफुलातील मध चाटावयास वटवाघळे येतात. काजूची बोंडे, जांभळे आणि आंबे त्यांनाही आवडतात. कांडेचोर हा लांब शेपटीचा प्राणी छपरावरून मांजरासारखा पावले न वाजविता जातो आणि पिकलेली फळे फस्त करतो. थोडेफार नुकसान होते हे मान्य केले, तरी बिया दूर नेऊन टाकण्याचे काम हेच प्राणी करतात. बांधावर कोणी न लावता उगवलेली कितीतरी झाडे त्यांचीच देणगी असतात. मात्र त्यांनी अर्धवट खाल्लेले फळ कोणीही खाऊ नये, मुलांना तर ते उचलूही देऊ नये. मेच्या अखेरीस ओलसर, काळोख्या परसात काजवे चमकू लागतात. काजव्याची अळी पाचोळ्यात राहते आणि गोगलगाई खाऊन वाढते. परसातील दिवा रात्रभर जळत ठेवला, तर काजव्यांना एकमेकांचे संकेत दिसत नाहीत. गरज नसताना तो मालवावा. विजेचीही बचत होते.

पाचोळा, वारूळ आणि आग

आता मुख्य मुद्दा पाचोळ्याचा. वाळलेले पान म्हणजे कचरा, ही समजूत शहरातून खेड्यात आली असावी. झाडाने वर्षभर जमिनीतून जे घेतले, त्याचा मोठा भाग ते पानांच्या रूपाने जमिनीला परत करते. सातभाईंचा थवा हा पाचोळा उलथापालथा करून त्यातील किडे टिपतो. गांडुळे, गोमी, कोळी आणि बेडूक त्याच्या गारव्यात उन्हाळा काढतात. पाचोळा जाळला, की त्यातील नत्र हवेत उडून जाते, जमीन उघडी पडते आणि पहिल्याच वळवाच्या सरीने वरची माती वाहून जाते. तोच पाचोळा माडाच्या आळ्यात पसरला, वर चार झावळ्या टाकल्या, तर ओल टिकते, पाण्याच्या घागरी वाचतात आणि पावसाळ्यात खत होते.

वाळवीचेही तसेच आहे. घराच्या लाकडात शिरली तर ती शत्रू. तिचा बंदोबस्त केलाच पाहिजे. परंतु परसाच्या कोपऱ्यातील वारूळ, ज्याला गोव्यात रोयण म्हणतात, त्याची गोष्ट निराळी. तेथील वाळवी मेलेले लाकूड आणि पाचोळा यांच्यावर एक प्रकारच्या बुरशीची शेती करते. पावसाळ्यात त्या बुरशीला जे कोंब येतात, तीच आपली रोयणीची अळमी. ज्या अळम्यांसाठी बाजारात झुंबड उडते, त्या कोठे पेरता येत नाहीत. त्या वाळवीच्याच मेहनतीचे फळ होत. उन्हाळ्यात पाचोळा जाळावा, वारूळ खणावे आणि श्रावणात अळम्या मिळत नाहीत म्हणून हळहळावे, यात संगती नाही. आपल्या पूर्वजांनी वारुळाला देवीचे रूप मानले. गोमंतकातील अनेक सातेरी मंदिरांत आजही वारुळाची पूजा होते. सातेरी हेच नाव मधमाशीलाही मिळालेले आहे. ही माशी झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत आणि क्वचित जुन्या वारुळातही पोळे बांधते.

परसातील आग परसातच राहील, याचा भरवसा नसतो. २०२३ सालच्या मार्च महिन्यात म्हादई अभयारण्यासह गोव्यातील अनेक डोंगरांवर वणवे पेटले. ते विझविण्यासाठी वनखाते आणि अग्निशामक दलाबरोबर नौदल आणि हवाई दल यांच्या हेलिकॉप्टरांनाही पाचारण करावे लागले. कोरड्या हवेत आणि दुपारच्या वाऱ्यात एक ठिणगी किती दूर जाऊ शकते, हे त्या दिवसांत सर्वांनी पाहिले. म्हणून उन्हाळ्यात पाचोळ्याला काडी लावू नये, ही विनंती केवळ परसाच्या हिताची नाही. ती साऱ्या गावाच्या हिताची आहे.

सावधगिरीही हवी

निसर्गाविषयी आस्था म्हणजे बेसावधपणा नव्हे. पाचोळ्याचा ढीग घराच्या भिंतीला लागून, न्हाणीजवळ किंवा मुलांच्या खेळण्याच्या जागी ठेवू नये; तो परसाच्या दूरच्या कोपऱ्यात असावा. उन्हाळ्यात नाग आणि धामण अंडी घालतात आणि थंड जागा शोधीत फिरतात. धामण बिनविषारी असून उंदीर खाते. तिला मारण्याचे कारण नाही. मात्र नाग, घोणस, मण्यार आणि फुरसे हे विषारी होत. साप दिसल्यास स्वतः काठी न उचलता वनखात्याला किंवा प्रशिक्षित सर्पमित्राला कळवावे. दंश झाल्यास मांत्रिकाकडे वेळ दवडू नये, जखम कापू नये, आवळून बांधू नये. तो अवयव न हलविता रुग्णास १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने तात्काळ रुग्णालयात न्यावे.

सत्तरी तालुक्यात २०१५ पासून माकडताप या रोगाचे रुग्ण आढळले आहेत. १९५७ साली कर्नाटकातील क्यासनूर जंगलात प्रथम ओळखला गेलेला हा रोग गोचिडीच्या चाव्याने होतो आणि त्याचा काळ मुख्यतः डिसेंबर ते मे हाच असतो. अशा गावांतील लोकांनी काजू वेचताना वा पाचोळा गोळा करताना अंगभर कपडे घालावेत, घरी आल्यावर ऊन पाण्याने स्नान करून कपडे धुवावेत, मेलेल्या माकडाला हात न लावता आरोग्य केंद्रास त्वरित कळवावे आणि ताप आल्यास लगेच तपासणी करून घ्यावी.

आणखी एक गोष्ट बेडकांची. उन्हाळाभर ओलाव्यात दडून बसलेले बेडूक पहिल्या पावसाबरोबर विणीसाठी बाहेर पडतात आणि नेमके तेव्हाच काही ठिकाणी त्यांना खाण्यासाठी पकडले जाते. हे कायद्याने मना आहे. शेतातील किडींवर जगणारा हा प्राणी विणीच्या वेळी मारला गेला, तर पुढील पिढीच खुंटते.

पाणी आणि माती

चैत्र-वैशाखात पाखरांना सर्वांत मोठी अडचण पाण्याची. एक पसरट मातीचे भांडे, त्यात दोन-तीन बोटे पाणी आणि चढण्या-उतरण्यासाठी एक दगड एवढी सोय केली, तर बुलबुल, दयाळ, खार आणि मधमाश्याही तेथे येतात. पाणी रोज बदलावे आणि भांडे घासून घ्यावे, म्हणजे डासांची पैदास होणार नाही. भांड्याशी कोण, किती वाजता येते, हे पाहणे हा मुलांसाठी उत्तम अभ्यास होय.

अलीकडे परसात आणि अंगणात सिमेंटच्या फरशा घालण्याची आवड वाढली आहे. पाय चिखलात जात नाहीत, हे खरे. परंतु गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. फरशीवर पडलेले पाणी थेट गटारात जाते. मातीवर पडलेले विहिरीत उतरते. वाटेपुरती फरशी घालून उरलेली जमीन मोकळी ठेवली, तर पुढच्या उन्हाळ्यात विहिरीचा दोर तेवढा कमी सोडावा लागेल.

नोंदवही ठेवा

हे सारे ऐकून विसरून जाण्यासारखे नाही. प्रत्येक घरात एक साधी वही असावी. तारीख, झाडाचे वा प्राण्याचे नाव आणि काय पाहिले, एवढे तीन रकाने पुरेत. आंब्याचा पहिला मोहोर, कोकिळेचा पहिला स्वर, बहाव्याचे पहिले फूल, पिकलेली पहिली भिरंड, विहिरीच्या पाण्याची पातळी, पहिला काजवा, मृगाचा पहिला तांबडा किडा, पहिला पाऊस. एका वर्षाच्या नोंदीतून फारसे कळत नाही. पाच-दहा वर्षांच्या नोंदी समोर ठेवल्या, म्हणजे मोहोर लवकर येऊ लागला आहे की उशिरा, पाखरे कमी झाली की वाढली, याची कल्पना येऊ लागते. हवामान बदलत आहे, असे सर्वत्र म्हटले जाते. आपल्या दारात ते कसे बदलत आहे, हे सांगणारा पुरावा मात्र अशा वहीतच सापडू शकतो.

शिक्षकांना येथे मोठे कार्य आहे. शाळेच्या आवारातील एकेक झाड एकेका विद्यार्थ्याला दत्तक देऊन दर आठवड्याला त्याची पाने, फुले, फळे यांची नोंद करून घेता येईल. ‘सीझनवॉच’ या नावाने देशात असा उपक्रम चालतो आणि त्यात अनेक शाळांचे विद्यार्थी भाग घेतात. उन्हाळ्याच्या सुटीत मुलांना घरच्या परसातील एका झाडाची दैनंदिनी लिहावयास सांगितली, तर भाषा आणि विज्ञान या दोन्ही विषयांचा अभ्यास एकदमच होईल. झाडांची गावातली नावे वडीलधाऱ्यांना विचारून लिहून घ्यावीत. आजीला ठाऊक असलेली कितीतरी नावे नातवाला ठाऊक नसतात आणि नाव हरवले, की त्या झाडाचा उपयोगही विस्मृतीत जातो.

पंचायतींच्या दृष्टीनेही या वह्या उपयुक्त आहेत. २००२ च्या जैविक विविधता कायद्यान्वये स्थानिक पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समित्या आणि लोक जैवविविधता नोंदवही यांची तरतूद आहे. ही नोंदवही एकदा लिहून कपाटात ठेवण्यासाठी नाही. गावातील घराघरांतून येणाऱ्या नोंदींनी ती दरवर्षी समृद्ध होत गेली, तर गावात कोणती जुनी आंब्याची झाडे आहेत, कोणत्या झाडावर धनेश घर करतो, कोणता झरा मेमध्येही वाहतो, हे विकासकामांचा आराखडा करताना अधिकाऱ्यांच्या समोर राहील. रस्ता चार हात वळविल्याने एखादे शंभर वर्षांचे झाड वाचत असेल, तर ते वळण आखण्यासाठी आधी त्या झाडाची नोंद असावी लागते.

ग्रामस्थ बंधु-भगिनींनो, यासाठी मोठा खर्च नको, की मोठे ज्ञान नको. पहाटेचा अर्धा तास, एक वही आणि थोडा धीर एवढेच भांडवल लागते. यंदा परसू आवरावयास घ्याल, तेव्हा आदल्या दिवशी घरातील मुलांना सोबत घेऊन एक फेरी मारावी. कोणत्या फांदीवर घरटे आहे, कोणत्या कोपऱ्यात रोयण आहे, कोणत्या झाडाला नुसतीच फुले येतात, हे त्यांना दाखवावे. मग कोयता हाती घ्यावा. जेवढे काढणे आवश्यक तेवढे काढावे आणि उरलेले पावसाच्या स्वाधीन करावे.